वर्ध्याचे मत आणि आमचे निवडणूक-वाङ्मय

दर निवडणुकीच्या हंगामात आपल्या वृत्तपत्रांतून व नियतकालिकांतून एका विशिष्ट प्रकारचे वाङ्मय निर्माण होत असते. त्याचे आयुष्य पुरते दोन महिन्यांचेही नसते. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी ते रद्दीत जाते, आणि त्यातील भाकितांची आठवण कोणी कोणास करून देत नाही. अशा अल्पायुषी लेखनाचे परीक्षण एखाद्या वाङ्मयीन मासिकाने का करावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यास आमचे उत्तर असे की, कथा-कादंबऱ्या वाचणारांच्या कितीतरी पट लोक हे लेखन वाचतात. आणि खेड्यांतील व लहान शहरांतील मतदाराच्या मनाविषयी आपल्या सुशिक्षित कुटुंबांची जी समजूत बनते, ती बहुतांशी ह्याच लेखनातून बनते. ती समजूत खोटी असेल तर तिचे दुष्परिणाम एखाद्या फसलेल्या कादंबरीहून पुष्कळच अधिक होत.

ह्या वाङ्मयाची परीक्षा करण्यास वर्धा जिल्ह्यासारखे दुसरे उदाहरण नाही. सन २०११ च्या जनगणनेप्रमाणे अवघ्या तेरा लक्ष वस्तीचा, आठ तालुक्यांचा हा जिल्हा. परंतु त्याच्याविषयी लिहिताना लेखकांची लेखणी एका ठरीव वाक्प्रचाराशिवाय पुढे सरकतच नाही. ‘गांधीजींची कर्मभूमी’ हा तो वाक्प्रचार होय. येथे काँग्रेसचा विजय झाला की ‘गांधीजींच्या कर्मभूमीने आपला वारसा राखला’ असे लिहावयाचे, आणि पराभव झाला की ‘गांधीजींच्या कर्मभूमीतच काँग्रेसवर ही पाळी यावी!’ असा उद्गार काढावयाचा. ज्या एका कारणाने परस्परविरुद्ध अशा दोन्ही घटनांचा उलगडा होतो, त्याने वस्तुतः एकीचाही उलगडा होत नाही, एवढा साधा तर्क ह्या लेखकांस सुचू नये ह्याचे आम्हांस नवल वाटते.

वर्ध्याचे आजवरचे मत कसे पडत आले आहे ते प्रथम पाहू. सन १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथून श्रीमन्नारायण अग्रवाल निवडून आले. पुढे १९५७, १९६२ व १९६७ अशा तीन निवडणुकांत कमलनयन बजाज विजयी झाले. ह्यांपैकी पहिले जमनालाल बजाजांचे जामात व दुसरे त्यांचे पुत्र. म्हणजे सुमारे एकोणीस वर्षे दिल्लीस जो वर्ध्याचा प्रतिनिधी गेला तो एकाच घराण्यातला होता. जमनालालजींनी गांधीजींस वर्ध्यास आणले, १९२८ साली आपले लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्य गणलेल्या बांधवांस खुले केले, आणि आपले धन व घर राष्ट्रकार्यास वाहिले, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा ह्या घराण्याविषयी लोकांस आदर वाटत होता ह्यात वावगे काही नाही. परंतु त्या आदरात महात्म्यावरील श्रद्धा किती होती, बजाज घराण्याविषयीचा आपलेपणा किती होता, आणि गावोगावी त्या काळी दुसरा पक्षच उभा नव्हता ह्याचा वाटा किती होता, हा हिशेब कोणी मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडविली असता विदर्भाने तिला तारले. त्यात वर्धाही होते. त्या वर्षी वर्ध्याने जे केले तेच गांधीजींचा सहवास न लाभलेल्या शेजारच्या अनेक मतदारसंघांनीही केले, हे विसरून चालणार नाही.

पुढे १९७१ साली जगजीवनराव कदम व १९७७ साली संतोषराव गोडे हे काँग्रेसचेच उमेदवार निवडून आले. ह्यांतील १९७७ चे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत उत्तर हिंदुस्थानातून काँग्रेस जवळजवळ नाहीशी झाली. वर्ध्यात मात्र ती टिकली. आणि हा तोच काळ की ज्या काळी गांधीजींच्या अनुयायांतच फूट पडली होती. जयप्रकाशजींच्या आंदोलनात पडावे की न पडावे ह्या प्रश्नावर सर्व सेवा संघ दुभंगला. पवनारच्या आश्रमात विनोबा होते आणि आणीबाणीसंबंधीच्या त्यांच्या ‘अनुशासन पर्व’ ह्या शब्दांवरून देशभर वाद माजला होता. मग १९७७ चे वर्ध्याचे मत हा कोणत्या गांधीवादाचा विजय समजावयाचा? जयप्रकाशजींच्या की विनोबांच्या? आमच्या मते ह्यांपैकी कोणाच्याच नव्हे. त्यानंतर १९८०, १९८४ व १९८९ ह्या तीन निवडणुकांत वसंत साठे विजयी झाले. साठे नागपूरचे वकील व केंद्रातील मंत्री. त्यांची ओळख आश्रमातील सूतकताईपेक्षा १९८२ सालच्या रंगीत दूरचित्रवाणीशी अधिक निगडित आहे. तरीही मतदाराने त्यांस तीनदा निवडले.

आणि मग १९९१ साल उजाडले. त्या वर्षी महाराष्ट्रातील अठ्ठेचाळीसपैकी अडतीस जागा काँग्रेसने जिंकल्या, परंतु वर्ध्याने साठे ह्यांस घरी बसवून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे ह्यांस दिल्लीस पाठविले. १९९६ साली भारतीय जनता पक्षाचे विजय मुडे, १९९८ साली काँग्रेसचे दत्ता मेघे, १९९९ साली काँग्रेसच्याच प्रभा राव, २००४ साली भाजपचे सुरेश वाघमारे, २००९ साली पुन्हा मेघे, आणि २०१४ साली भाजपचे रामदास तडस, असा क्रम लागला. लागोपाठ सात निवडणुका झाल्या आणि सातही वेळा मावळत्या खासदाराच्या जागी दुसरा आला. तडस २०१९ साली पुन्हा निवडून आले तेव्हा ही परंपरा प्रथमच मोडली. आणि २०२४ साली त्यांचाही पराभव करून राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार गटाचे अमर काळे विजयी झाले.

ह्या यादीतून आणखी एक मौज दिसते. १९७७ पासून २०२४ पर्यंतच्या तेरा निवडणुकांपैकी १९७७, १९८९, १९९१, १९९८, १९९९, २००४ आणि २०२४ ह्या सात खेपांस वर्ध्याने निवडलेला प्रतिनिधी दिल्लीत सत्तेवर आलेल्या पक्षाचा नव्हता. १९९६ साली जो पक्ष निवडला त्याचे राज्य तेरा दिवसच टिकले. उरलेल्या पाचच वेळा वर्धा व दिल्ली ह्यांचे सूर जुळले. ‘लोक वाऱ्याबरोबर वाहत जातात’ असे म्हणणारांनी ह्या आकड्यांकडे एकदा तरी पाहावयास हवे होते.

आता आमच्या निवडणूक-वाङ्मयात ह्या सर्वांची जी कारणे सांगितली जातात त्यांकडे वळू. ती मुख्यतः तीन आहेत: वारसा, जात आणि लाट.

वारशाचे कारण सांगणारांच्या हे ध्यानी येत नाही की, त्यांचे म्हणणे खुद्द गांधीजींसच मान्य झाले नसते. देहावसानाच्या आदल्या दिवशी, २९ जानेवारी १९४८ रोजी, त्यांनी जो मसुदा लिहिला त्यात काँग्रेसचे त्या वेळचे रूप विसर्जित करून तिचे लोकसेवक संघात रूपांतर करावे अशी सूचना होती. त्याच वर्षी मार्च महिन्यात सेवाग्राम येथे त्यांचे सहकारी जमले आणि तेथून सर्वोदयाचा मार्ग निघाला; तो निवडणुकीच्या मंडपातून जाणारा मार्ग नव्हता. विनोबांनी तर राजनीतीहून लोकनीती श्रेष्ठ मानली व पक्षभेदापासून कार्यकर्त्यांस दूर राहावयास शिकविले. तेव्हा कोणत्याही एका पक्षास पडलेल्या मतांनी गांधीजींचा प्रभाव मोजावयाचा, म्हणजे ज्या तराजूत बसण्यास त्यांनी स्वतः नकार दिला त्यातच त्यांस बळेबळे बसवावयाचे. बरे, हा मोह एकाच पक्षास आहे असेही नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी काँग्रेसच्या कार्यकारिणीने सेवाग्रामास बैठक भरविली, आणि १ एप्रिल २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांनी महाराष्ट्रातील प्रचाराचा आरंभ वर्ध्यातच केला. दोघांनाही व्यासपीठामागे हेच गाव हवे होते. मतदाराने दोन्ही सोहळे पाहिले आणि आपल्या कारणांनी मत दिले.

थोर पुरुषाचे गाव आणि त्या गावाचे मत ह्यांचा संबंध किती सैल असतो ह्याचा एक दाखला परदेशातूनही देता येईल. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात टेरे होट नावाचे एक शहर आहे. समाजवादी पुढारी युजीन डेब्स तेथला. त्याने पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविली. १९२० साली तर तो तुरुंगात असताना त्यास नऊ लक्षांहून अधिक मते पडली. त्याचे घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. परंतु टेरे होट ज्या व्हिगो परगण्यात आहे त्याची कीर्ती निराळ्याच कारणाने झाली: १८८८ पासून २०१६ पर्यंत, १९०८ व १९५२ ही दोन वर्षे सोडल्यास, त्या परगण्याने ज्याच्या बाजूने कौल दिला तोच राष्ट्राध्यक्ष झाला. पुढे २०२० साली तेही भाकीत चुकले. ह्या सबंध काळात परगण्याने आपल्या डेब्सला एकदाही कौल दिला नाही. आणि असे असूनही ‘डेब्सच्या भूमीने त्याचा विश्वासघात केला’ असा आक्रोश दर चार वर्षांनी तेथे होत नाही. त्या मतदारास जी मोकळीक मिळते तीच वर्ध्याच्या मतदारास मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.

दुसरे कारण जातीचे. कुणबी किती, तेली किती, बौद्ध किती, आदिवासी किती, ह्यांची बेरीज-वजाबाकी मांडून निकाल आधीच सांगणारे लेख आता इतके रूढ झाले आहेत की तेच शास्त्र वाटू लागावे. उमेदवार निवडताना सर्वच पक्ष ही बेरीज करतात, आणि मतदारही आपल्या माणसाकडे ओढला जातो, हे आम्ही नाकारीत नाही. नाकारणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणे होय. परंतु १९९१ साली घंगारे, १९९६ साली मुडे आणि १९९८ साली मेघे निवडून आले त्या सात वर्षांत जिल्ह्यातील जातींचे प्रमाण कितीसे बदलले असेल? जे कारण स्थिर आहे त्याने अस्थिर कार्याची उपपत्ती कशी लागावी? जातीच्या हिशेबाने फार तर लढत कोणाकोणांत होईल हे सांगता येईल. ती कोण जिंकील व का जिंकील हे सांगावयास दुसरे काही पाहावे लागते. ते पाहण्याचा कंटाळा असला म्हणजे हा हिशेब हाताशी असतोच.

तिसरे कारण लाटेचे. लाट आली की सर्व काही वाहून जाते, अशी ही कल्पना. २०१४ साली लोकसभेस भाजपला वर्ध्यात दोन लक्षांहून अधिक मताधिक्य मिळाले, ही लाट म्हणावयाची. परंतु त्याच वर्षीच्या विधानसभेत वर्धा व हिंगणघाट भाजपकडे गेले, तर आर्वीत काँग्रेसचे अमर काळे व देवळीत काँग्रेसचे रणजीत कांबळे विजयी झाले. चारांपैकी दोन जागी लाट कोठे अडली? २०२४ सालची गोष्ट तर ह्याहूनही बोलकी आहे. २६ एप्रिल रोजी झालेल्या मतदानात काळे ह्यांस सुमारे एक्याऐंशी हजारांचे मताधिक्य मिळाले. १९५२ पासून प्रथमच ह्या निवडणुकीत काँग्रेसचा स्वतःचा उमेदवार वर्ध्यात नव्हता, तरीही विरोधकांची मते एकत्र आली. पुढे २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले, आणि वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वी ह्या जिल्ह्यातील चार व ह्याच लोकसभा मतदारसंघात मोडणाऱ्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी व धामणगाव ह्या दोन, अशा सहाही जागा भाजपने जिंकल्या. १९९९ पासून सलग निवडून येणारे कांबळेही देवळीत पडले. सात महिन्यांत गांधीजींचा वारसा बदलला नाही, जाती बदलल्या नाहीत, आणि जी लाट सात महिन्यांत उलटी फिरते तिला लाट म्हणण्यात अर्थ नाही. बदलला तो प्रश्न. एप्रिलमध्ये मतदारापुढे एक प्रश्न होता, नोव्हेंबरमध्ये दुसरा. आणि मधल्या काळात, ऑगस्ट २०२४ पासून, ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये घरोघरच्या स्त्रियांच्या नावे जमा होऊ लागले होते. ह्या रकमेस कोणी लाच म्हणेल, कोणी आधार म्हणेल. परंतु ज्या घरात कापसाचा पैसा वर्षातून एकदा व तोही पुरुषाच्या हाती येतो, त्या घरातील स्त्रीच्या दृष्टीने तिच्या खात्यात येणाऱ्या रकमेचा अर्थ काय, ह्याचा विचार किती लेखांत झाला?

येथे आम्ही मुख्य मुद्द्याशी येतो. वर्धा हा कापसाचा जिल्हा आहे. हिंगणघाटच्या कापसाचे नाव गेल्या शतकाच्याही आधी विलायतेच्या बाजारात परिचित होते; हिंगणघाटास व पुलगावास त्याच्यावर गिरण्या चालल्या. पुढे १९७२ पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्र सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू होती. त्या काळी येथील कास्तकाराने आपला माल सरकारासच विकावयाचा आणि चुकाऱ्याची वाट पाहावयाची, असा क्रम होता. म्हणजे त्याचा व्यापारीही सरकार आणि सावकारही सरकार. ज्याच्या घरात पैसा केव्हा व किती येणार हे शासनाच्या कागदावर ठरते, त्याने दर निवडणुकीस शासनाचा हिशेब घेतला तर त्यात चंचलपणा तो कोणता? शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेस ह्या भागात जे ऐकणारे मिळाले ते ह्यामुळेच.

पुढील काळाकडे ह्याच नजरेने पाहावे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी, ज्यांत वर्धा होते, ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २००८ साली देशव्यापी कर्जमाफी झाली. तिच्यात दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यास पूर्ण माफी होती, परंतु विदर्भातील कोरडवाहू कास्तकाराची जमीन पुष्कळदा त्याहून अधिक व उत्पन्न मात्र त्याहून कमी, म्हणून अनेकांस तिचा पुरता लाभ झाला नाही. २००९ साली वर्धा काँग्रेसकडे वळले. २०१४ साली उत्पादनखर्चावर पन्नास टक्के नफ्याचे आश्वासन घेऊन भाजप आला, तेव्हा वर्धा तिकडे गेले. २०२२ च्या आरंभी कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. २०२४ च्या निवडणुकीच्या सुमारास तो भाव स्वप्नवत झाला होता, आणि मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ६,६२० रुपये. आणि २०२५ च्या ऑगस्टात परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातकर वर्षअखेरपर्यंत उठविण्यात आला, तोही नवे पीक बाजारात येण्याच्या ऐन तोंडावर. ह्या घटनांनीच निकाल ठरले असे आम्ही म्हणत नाही. एका कारणाच्या जागी दुसरे एकच कारण बसविण्याने दोष तसाच राहील. सोयाबीन व कापूस ह्यांच्याच भावांनी सर्व ठरत असते तर २०२४ च्या नोव्हेंबरचा निकाल तसा लागताच ना, कारण सोयाबीन तेव्हा ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात होते. आमचे म्हणणे इतकेच की, मतदार ज्या गोष्टींचा विचार करीत असण्याचा पुरेपूर संभव आहे, त्या आमच्या निवडणूक-वाङ्मयात शोधूनही सापडत नाहीत.

ह्यावर कोणी असे म्हणेल की, तुम्ही मतदारास ऋषी बनवीत आहात. तोही चुकतो, भुलतो, दारू पिऊन मत देतो. चुकतो हे खरे. जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी असूनही दारू मिळते, आणि निवडणुकीच्या दिवसांत ती कोठून येते ह्याविषयी आम्हांस भोळेपणाचा आव आणावयाचा नाही. परंतु चुकणारा मनुष्यही विचार करणाराच मनुष्य असतो. त्याची चूक दाखवावयाची तर आधी त्याचा विचार समजून घ्यावा लागतो. शहरी सुशिक्षिताने पक्ष बदलला की त्याचे ‘मतपरिवर्तन’ होते, आणि सेलू-समुद्रपूरच्या कास्तकाराने बदलला की तो ‘लाटेत वाहून’ जातो, हा भाषेतील भेद निरुपद्रवी नाही. ह्या भेदातूनच पुढे ‘अशा लोकांच्या हाती मताधिकार असावा काय’ असे दिवाणखान्यातले प्रश्न जन्मास येतात.

आम्ही ज्या लेखनाची अपेक्षा करतो त्यास फार मोठी सामग्री लागत नाही. लेखकाने सेवाग्रामच्या कुटीपुढे उभे राहून चार ओळी लिहिण्याऐवजी एक दिवस हिंगणघाटच्या बाजार समितीत गाड्यांच्या रांगेपाशी काढावा; पुलगावच्या बंद पडलेल्या गिरणीतील कामगारांची मुले आज काय करतात ते विचारावे; बचत गटातील बायका कोणत्या हप्त्याविषयी बोलतात ते ऐकावे; आणि मागील सात-आठ निकाल समोर ठेवून मगच लेखणी उचलावी. मग त्याने कोणत्याही पक्षाची बाजू घेतली तरी आमची हरकत नाही.

गांधीजींविषयी ज्यांस खरा आदर आहे त्यांनी तर हे अगत्याने करावे. ते सेवाग्रामास राहावयास गेले ते त्या खेड्याने आपणास मते द्यावीत म्हणून गेले नाहीत. तेथे लोक काय खातात, काय पिकवितात, कसे राहतात हे पाहण्यास व त्यात भर घालण्यास गेले. त्यांच्या नावाने लिहिणारांनी निदान तेवढी चौकशी केली, तर पुढील निवडणुकीच्या वेळी वर्ध्याविषयी वाचावे असे काही आमच्या हाती येईल.